पोट भरलेलं, पिल्लू उपाशी: शहापूरच्या बुंदीचं प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. बेळगावात पावसाची झड लागलेली. सकाळी सव्वासातला फोन आला.

"डॉक्टर, पिल्लू वाकडंतिकडं चालूलालंय. मान टाकूलालंय. थंडी बाधली काय की?"

शहापुरातल्या एका विणकर घरातली सून बोलत होती. एरवी त्या घरातून फोन आला की मागं यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो. त्या दिवशी शांतता होती, म्हणजे सगळे पिल्लाभोवती बसले असणार. मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, साखरेचं दाट पाणी किंवा मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू मात्र नका. शुद्ध हरपत चाललेलं पिल्लू गिळत नाही आणि ओतलेलं थेट फुप्फुसात उतरतं. दुसरी, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला लावा आणि तसंच घेऊन या.

अर्ध्या तासानं जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती माझ्या टेबलावर आली. पॉमेरेनियन, मादी, नाव बुंदी. वजन ७८० ग्रॅम. ताप ९७ फॅरनहाइट, म्हणजे ताप नाहीच, उलट अंग गार. या वयाच्या पिल्लाचं १०१ ते १०२ असायला हवं. डोळे उघडे पण नजर नाही, मागचे पाय घसरतायत, मधूनच ओठांची थरथर. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेतलं. साखर ३४. माणसांसाठीची ग्लुकोमीटर यंत्रं कुत्र्याची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतात, हे धरूनही ३४ म्हणजे फारच कमी. ६० च्या खाली गेली की आम्ही धावपळ सुरू करतो. पातळ केलेलं डेक्स्ट्रोज शिरेतून हळूहळू दिलं, अंगाला ऊब दिली. वीस मिनिटांत साखर ११०च्या पुढं गेली आणि बुंदीनं मान वर करून माझा अंगठा चाटला.

सातवीतला नातू सोबत होता, तो हसला. आज्जी म्हणाली, "दृष्टच लागली होती. रात्री मीठ-मोहऱ्या ओवाळायला पाहिजे होत्या." मी काही बोललो नाही. ओवाळल्यानं बिघडत नाही. पण शिरेत जे गेलं, ते साखरेचं पाणी होतं.

साखर उतरण्याची कारणं शोधणं हा खरा भाग. पार्व्हो म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्या लावणारा घातक विषाणू. त्याची चाचणी केली, तो निघाला नाही. शी तपासली, तीत गोल जंतांची अंडी भरपूर. तोंड उघडून पाहिलं तर सुळे आलेले, पण मागच्या दाढा अर्ध्याच. विकणाऱ्यानं "दोन महिने पूर्ण, पॉकेट पॉम" असं सांगून दिलेलं हे पिल्लू माझ्या अंदाजानं सहा, फार तर साडेसहा आठवड्यांचं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं केंद्राच्या २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. गिऱ्हाइकाला मात्र पिल्लू जितकं इवलंसं, तितकं गोड वाटतं. त्यामुळं वय वाढवून सांगायचं आणि आकार जातीच्या नावावर खपवायचा, हा धंदा चालू राहतो. आईपासून दोन आठवडे आधी तोडलेलं, टेम्पोतून प्रवास केलेलं, पोटात जंत, वर पावसाळी गारठा: एवढं सगळं पाऊण किलोच्या जिवावर एकदम पडलेलं.

जंताचं औषध दिलं. "दर चार तासांनी खायला घाला, रात्रीही एकदा" असं सांगितलं, चिठ्ठीवर लिहूनही दिलं. आणि इथं माझी चूक झाली. काय खायला घालता, ते मी विचारलंच नाही.

पाचव्या दिवशी बुंदी परत आली. कोसळलेली नव्हती, पण पहाटे पुन्हा लटपटली होती. पोट ढमढमीत, शी पातळ. वजन ७७५. पाच दिवसांत पाच ग्रॅम कमी.

"दर चार तासाला घालूलालोय की डॉक्टर," आज्जीचा सूर दुखावलेला होता. "पोट बघा की, कसं टम्म आहे. उपाशी कुठलं?"

तेव्हा मी सुनेला घरी पाठवलं आणि सांगितलं, ज्यात खायला घालता ती बशीच घेऊन या. बशी आली. रोज जेवढं दूध घालता तेवढं पाणी यात ओता, म्हटलं, आणि ते सिरिंजनं मोजलं. २० मिलिलिटर. पाच वेळा धरून दिवसाचे १००. हे दूध म्हशीचं, आणि त्यात निम्मं पाणी, कारण लहान पोराला म्हशीचं दूध जड पडतं ही आज्जीची पिढ्यान्‌पिढ्यांची समज. पोरांच्या बाबतीत ती समज घरात चाललेलीही होती. दुपारी दोन चमचे दहीभात. संध्याकाळी एक मारी बिस्किट भिजवून. पहिल्या झटक्यानंतर भीतीपोटी दिवसभरात चमचाभर ग्लुकोज पावडर.

बशीच्या शेजारी कागद घेऊन आम्ही हिशेब मांडला. पाणी घातलेल्या दुधातून ५० किलोकॅलरी. दहीभातातून ३०. बिस्किटातून २५. ग्लुकोजमधून २०. बेरीज १२५. आता गरज किती? कुत्र्याची बसल्या जागची गरज काढायचं एक जुनं सूत्र आहे: किलोतल्या वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. ८०० ग्रॅमसाठी ते ५९ येतं. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या तिप्पट लागतं, म्हणजे १७८ च्या आसपास. तूट तिसऱ्या हिश्श्याची.

प्रथिनांचं गणित त्याहून वाईट होतं. वाढत्या पिल्लाला दर हजार किलोकॅलरीमागे किमान ५६ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे बुंदीला दिवसाला दहा ग्रॅम. बशीतून जात होती सव्वातीन.

माझ्या "दर चार तासांनी" या सल्ल्यानं एवढंच झालं होतं की वेळा वाढल्या आणि माल तेवढाच राहिला. आधी जे तीनदा घालत होते, तेच पाच वाटण्यांत गेलं. आज्जीचं म्हणणं खोटं नव्हतं. पोट खरंच भरत होतं. ते पाण्यानं भरत होतं.

आज्जीचं माहेर अथणीकडचं. तिथं त्यांच्या शेतावर मुधोळी कुत्रं होतं, सशामागं सुटलं की दिसेनासं होणारं. ते जोंधळ्याची भाकरी आणि ताकावर पोसलं, म्हातारं होऊन मेलं. "त्याला कोण वजन करून घालत होतं?" हा त्यांचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचं उत्तर मी जरा सविस्तर दिलं.

२५ किलोच्या मुधोळी कुत्र्याला दिवसाला साधारण साडेबाराशे किलोकॅलरी लागतात, म्हणजे किलोमागे ५०. बुंदीला किलोमागे २२० लागतात, चौपटीहून जास्त. ५५ किलोच्या माणसानं बुंदीच्या दरानं खायचं ठरवलं तर त्याला रोज बारा हजार किलोकॅलरी लागतील, म्हणजे साठेक भाकऱ्या. हे ऐकून नातवानं आज्जीकडं पाहिलं. लहान देहाचं अंग आकारमानाच्या मानानं जास्त उघडं असतं, ऊब पटापट निघून जाते, आणि वाढीचा खर्च वेगळा. वर कोठार लहान. यकृतात साठवलेली साखर काही तासांत संपते. ती संपली की यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून नवी साखर बनवतं, पण ७८० ग्रॅमच्या पिल्लाला स्नायू असे किती असणार? चरबी तर नाहीच. मुधोळी कुत्र्याला एक दिवस उपास घडला तर ते चिडेल. बुंदीला रात्री नऊ ते सकाळी सात एवढा उपास पुरला.

आणि दूध? कुत्रीच्या दुधात प्रथिनं म्हशीच्या दुधाच्या जवळपास दुप्पट, स्निग्धांश जास्त आणि दुधातली साखर कमी असते. आपण आधीच पातळ असलेल्या दुधात आणखी पाणी घालतो. आई सुटल्यावर ही दुधातली साखर पचवायची ताकदही पिल्लात कमी होत जाते, ती आतड्यात राहते आणि शी पातळ होते. टम्म पोटातला काही वाटा जंतांचा होता, काही या दुधाचा.

त्या दिवशी ठरलं ते असं. दूध बंद. ग्लुकोज पाण्यातून बंद. साखरेनं साखर चढते आणि तितक्याच वेगानं उतरते, मागं पोटात काही नसेल तर पुन्हा तेच. मधाची छोटी बाटली मात्र दाराजवळच्या कोनाड्यात, फक्त अडचणीसाठी. चोळून पिल्लू सावध झालं की लगेच खाणं द्यायचं, आणि दवाखाना. अन्न म्हणून लहान जातीच्या पिल्लांसाठीचं सुकं खाद्य. पिशवीवर १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी लिहिलेलं होतं, म्हणजे दिवसाला ४७ ग्रॅम, सहा वाटण्या, एका वेळी आठ ग्रॅमच्या आसपास. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, बोटानं कुस्करून. दुकानात मोठ्या जातींच्या पिल्लांचंही खाद्य असतं. त्याचे दाणे बुंदीच्या जबड्याला मोठे, आणि ते सावकाश वाढणाऱ्या हाडांसाठी बेतलेलं. थोरल्या कुत्र्यांचं खाद्यही नको. बाकी ब्रँड कुठला, यावर माझा फारसा आग्रह नसतो. पिशवीवर "वाढीसाठी पूर्ण आहार" असं असावं, उष्मांक छापलेले असावेत, आणि पिशवी उघडून महिनाभरात संपेल एवढीच घ्यावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात मोठी पोती सादळतात, खवट होतात. सुटं खाद्य किलोवर विकतात, ते घेऊ नये.

आठ ग्रॅम मोजायचे कसे? इथं घराचा धंदा कामाला आला. रेशीम आणि जर तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मागाशेजारीच होता. त्याच काट्यावर डबा ठेवून बुंदीचं रोज सकाळचं वजनही होऊ लागलं. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात, तिथीच्या खालच्या मोकळ्या जागेत.

रात्रीचं कोण बघणार, हे मी मुद्दाम विचारलं. पहिल्या खेपेला हेही विचारलं नव्हतं. घरात कोण किती वाजता जागं असतं, याची यादी केली. मुलगा रात्री उशिरापर्यंत कांड्या भरत बसतो, साडेअकराचं त्याच्याकडं. आज्जी पाचला उठतेच, पहाटेचं तिच्याकडं. मधलं अडीचचं पहिले दहा दिवस सुनेनं गजर लावून केलं. सहा वाटण्यांचं वेळापत्रक कागदावर सुरेख दिसतं, पण ज्याच्या नावावर वेळ नाही, ती वाटणी चुकतेच. टोपलीत जुनं कांबळं आणि रात्री उबदार पाण्याची बाटली, हाही आहाराचाच भाग समजा. गारठ्यात पिल्लू खाल्लेलं सगळं ऊब राखण्यातच संपवतं.

दुसऱ्याच दिवशी फोन. बुंदी खाद्याला तोंड लावत नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका कुत्रे पाळणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं होतं, "पंधरा मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर उचला. भूक लागली की झक मारत खाईल." हा सल्ला थोरल्या, धडधाकट, लाडावलेल्या कुत्र्याला लागू आहे, मी स्वतः देतो. पाऊण किलोच्या, आधीच दोनदा लटपटलेल्या पिल्लाला तो लावला तर भूक लागायच्या आधी साखर उतरेल. मी उलट सांगितलं: तीन दिवस तिला आवडेल अशा चवीतूनच जा. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून, त्यात भिजवलेलं खाद्य चमचाभर, वर कोमट पाणी. रोज बलक थोडा कमी, खाद्य थोडं जास्त. कोमट केल्यानं वास सुटतो, आणि पिल्लं आधी वासानंच जेवतात. सातव्या दिवशी बशी चाटून साफ.

अंड्यावरून मात्र घरात नवा पेच. श्रावण तोंडावर आला होता, आणि त्या घरात श्रावणभर अंडं उंबरठ्याच्या आत येत नाही. मी शाकाहाराबद्दल व्याख्यान देणार नव्हतो. आज्जींना एवढंच सांगितलं की खाद्य पूर्ण आहे, अंड्यावाचून अडणार नाही. चव लावायला महिनाभर नखाएवढं पनीर चालेल. त्या पिशवीत कोंबडीच असते, हे नातवानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आज्जी म्हणाली, "डब्यातलं डब्यात राहू दे. दिसत नाही ते दिसत नाही." प्रश्न मिटला.

वरच्या खाऊचं प्रमाण दिवसाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ नये. बुंदीला म्हणजे १८ किलोकॅलरी, पाच-सहा ग्रॅम पनीर. एक मारी बिस्किटसुद्धा त्याच्या वर जातं. घरात पाच माणसं, प्रत्येकानं प्रेमानं एकेक बिस्किट दिलं तर खाद्याला पोटात जागा उरत नाही, आणि मग "खात नाही" अशी तक्रार येते.

तिसऱ्या आठवड्यात अथणीहून पाहुणे आले, सोबत बेदाण्याचा डबा. अथणीकडं द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडी, त्यामुळं त्या घरांत बेदाणा म्हणजे औषधच. बाळंतिणीला, अशक्त पोराला भिजवलेले बेदाणे देतात. आज्जीनं बुंदीसाठी पाच बेदाणे वाटीत भिजत घातले. सुनेच्या लक्षात आलं म्हणून फोन केला. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला द्राक्षं आणि बेदाणे घातक असतात. किलोमागे तीनेक ग्रॅम बेदाण्यांनीही मूत्रपिंड निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. बुंदी तेव्हा ९०० ग्रॅमची होती. पाच बेदाणे म्हणजे जवळजवळ तेवढंच झालं असतं. सगळीच कुत्री सारखी बाधत नाहीत, कुणी मूठभर खाऊन तगतं, पण ते आधी कळत नाही. एवढ्या लहान जिवावर मी तो जुगार खेळत नाही. कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट, साखर नसलेला च्युइंगम हेही त्याच यादीत. या च्युइंगममधलं झायलिटॉल तर कुत्र्याची साखरच धाडकन उतरवतं. बुंदीच्या बाबतीत याहून वाईट काय असणार!

एक बाटली मला त्या घरात जाऊन सापडली. कॅल्शियमचं सिरप, दुकानदारानं खाद्यासोबत "हाडं मजबूत" म्हणून दिलेलं. बंद करायला लावलं. तयार खाद्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात बसवलेले असतात, वरून ओतलं की तोल जातो. उलट ज्या घरात पिल्लू केवळ चिकन-भातावर आहे, तिथं मी स्वतः कॅल्शियम घालायला लावतो, कारण बिनहाडाच्या मांसात ते नाहीच्या बरोबर असतं आणि पिल्लू स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. पलंगावरून उडी मारताच पाय मोडलेली अशी पिल्लं मी पाहिली आहेत. बुंदीएवढ्या पिल्लाचा सगळा आहार घरचाच असता तर धुऊन, उकळून, दळलेली अंड्याच्या टरफलाची पूड रोज पाव छोटा चमचा लागली असती. त्या पाव चमच्यात पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण घरच्या आहारात जस्त, तांबं, आयोडीन अशी आणखी बरीच भोकं असतात, ती बुजवणं सोपं नाही. म्हणून या वयात मी खाद्याच्या बाजूनं असतो, हे माझं मत लपवत नाही.

कॅलेंडरातले आकडे असे: पाचव्या दिवशी ७७५. बाराव्या दिवशी ८३०. एकोणिसाव्या दिवशी ९००. तेहतिसाव्या दिवशी १०४०. तीन किलोपर्यंत जाणाऱ्या कुत्रीनं या वयात रोज सहा ते बारा ग्रॅम चढावं, असा एक ढोबळ हिशेब आहे. बुंदी आठ-दहाला टिकली. खाद्य तेव्हा ५७ ग्रॅमवर नेलं. जंताचं औषध पंधरा दिवसांनी पुन्हा, पुढं महिन्याला एकदा. लस वजन चढायला लागल्यावर सुरू केली. साखर पुन्हा उतरली असती तर यकृताच्या रक्तवाहिनीचा जन्मजात दोष शोधायला पित्ताम्लांची तपासणी करायची, असं मी टिपून ठेवलं होतं. लहान जातींत तो दोष आढळतो. तशी वेळ आली नाही.

किलोचा टप्पा ओलांडल्यावर अडीचचा गजर बंद झाला. तीन महिन्यांना चार वाटण्या, साडेचार महिन्यांना तीन. याच सुमाराला सुनेचा एक गोंधळाचा फोन आला: वजन वाढतंय आणि तुम्ही खाद्य कमी करायला सांगता? सांगितलं होतं खरं. चार महिन्यांनंतर वाढीचा वेग मंदावतो आणि तिपटीचा गुणाकार हळूहळू दुपटीवर येतो. १५०० ग्रॅमच्या बुंदीला पन्नास-साठ ग्रॅम पुरू लागले. काट्याइतकाच हातही वापरायचा. बरगड्यांवरून बोट फिरवलं तर त्या दाबल्याविना लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. एवढ्या केसाळ कुत्रीत डोळे फसतात, बोटं फसत नाहीत.

परवा आली तेव्हा पाच महिन्यांची, दोन किलोची होती. पॉकेटात मावत नाही, याची नातवाला खंत नाही. तोंड पाहिलं. वरचे दुधाचे सुळे अजून घट्ट आहेत आणि त्यांना खेटून नवे फुटतायत. लहान जातींत हे नेहमीचंच. दोन्ही सुळे शेजारी राहिले तर मध्ये अन्न अडकतं. सहा महिन्यांपर्यंत पडले नाहीत तर काढावे लागतील, आणि भूल द्यायची म्हणजे उपाशीपोटी आणायचं. "किती तास?" सुनेनं लगेच विचारलं. बाकीच्यांना रात्रभर सांगतो, तुम्ही पहाटे पाचचं आज्जीचं चुकवू नका, म्हटलं, आणि दवाखाना उघडताच पहिला नंबर तुमचा लावतो.